आधी ओल, मग ऊब

टोरांटोहून भावाचा फोन आला तेव्हा चौलला आमच्या वाडीत पाऊस कोसळत होता. पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज इतका, की त्याचे अर्धे बोलणे मला ऐकूच येईना.

"ताई, आईचे गुडघे पुन्हा धरलेत म्हणे?"

"दर पावसाळ्यात धरतात. जमीन ओली, हवा ओली. काय करणार?"

"अगं, इथं आमच्या फरशीखालून ऊब येते. बर्फातून आत आलं आणि पाय टेकला की कसं बरं वाटतं! आईच्या खोलीत तसं काहीतरी बसवून घे. पैशांचं मी बघतो. फक्त धोका नाही ना, तेवढं तू बघ."

मी हसले. कोकणात जमीन तापवायची! मे महिन्यात ज्या किनाऱ्यावर अनवाणी चालता येत नाही, तिथे पैसे खर्चून जमिनीखाली ऊब पेरायची! वाचकांपैकी अनेकांनाही हसू येईल. पण ज्याने एखादा आषाढ मातीच्या घरात काढला आहे, तो हसणार नाही. रायगडच्या या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. बरणीतले मीठ पाझरते, काडेपेटीतली काडी पेटत नाही, चपलांवर पांढरी बुरशी चढते. आणि सारवलेल्या जमिनीवर पाऊल टेकले की तळव्यातून एक गारवा वर चढतो आणि थेट गुडघ्यात जाऊन बसतो. आई ८६ वर्षांची आहे. जमिनीवर पाट मांडून बसल्याशिवाय तिला जेवण जात नाही. तेव्हा भावाचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

शिवाय माझ्यापाशी न हसण्याचे आणखी एक कारण होते. त्याच खोलीत एकदा ऊब घेण्याच्या नादात मी आणि माझी लेक मरता मरता वाचलो होतो.

पण आधी घराविषयी सांगायला हवे. दगडी जोते, त्यावर मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे पडवी, मागे न्हाणीघर आणि विहीर. घर किती वर्षांचे हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. आजोबांच्या लहानपणीही ते जुनेच होते म्हणतात. इतक्या पावसाळ्यांनी त्याला काही केले नाही. ते हलले ३ जून २०२० रोजी. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने आमच्या किनाऱ्यावर चढले. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. आमची कौले पत्त्यांसारखी उडाली. टाळेबंदीचे दिवस, कौले मिळेनात, माणसे मिळेनात, वीज तर तीन आठवडे नव्हती. ताडपत्री चढेपर्यंत पाऊस सरळ घरात पडत राहिला आणि भिंती व जमीन पोटभर पाणी प्यायल्या.

पुढच्या वर्षी दुरुस्ती काढली. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: माती काढा, पक्के करा. माजघरात सिमेंटचा कोबा घातला, वर चकचकीत लाद्या बसवल्या. आईने मात्र आपल्या खोलीला हात लावू दिला नाही. "मला मातीवरच बसू दे," म्हणाली. तेव्हा तिथे फक्त खचलेल्या जागी भर घालून वरून जमीन सारवून घेतली.

माजघराच्या लाद्यांनी दोन धडे शिकवले. पहिला जूनच्या पहिल्याच आठवड्यात. पाऊस अजून धरायचा होता, पण हवा दमट झाली होती. त्या हवेतली वाफ गार लादीवर बसली आणि सगळे माजघर घामेजले. आई त्यावर घसरली. हाड मोडले नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून स्वतःच्या घरात ती भिंत धरून चालू लागली. सारवलेली जमीन अशी घामेजत नाही, कारण वाफेचा तो पातळ थर ती शोषून घेते आणि उन्हे पडली की परत देऊन टाकते.

दुसरा धडा कळायला वर्ष लागले. माजघराच्या भिंतींना खालून दोन-अडीच फुटांपर्यंत ओल चढली, लोणा लागला, गिलावा फुगून पडू लागला. पूर्वी असे कधी झाले नव्हते. जमिनीखालची ओल पूर्वी साऱ्या खोलीभर पसरून मातीतून हलकेच वर येई आणि वाऱ्यावर उडून जाई. आम्ही वर सिमेंटचे झाकण घातले. ओल थांबली नाही. तिने वाट बदलली आणि ती भिंतीत शिरली. मातीच्या भिंतीचा पाय असा सतत भिजत राहिला तर एक दिवस भिंत बसते. पक्के करण्याच्या नादात आम्ही घर कच्चे करून ठेवले होते.

आता त्या खोलीची गोष्ट. जुलै १९८९. अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त झाले, तोच महिना. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. अलिबागच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आले आणि रिवाजाप्रमाणे या खोलीत माझी बाज पडली. खोली लहान, एकच खिडकी. पावसाची झड आत येते म्हणून खिडकीला बाहेरून झावळ्यांची झापे बांधलेली. बाळंतिणीला वारा लागू नये, म्हणून दारही लोटलेले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. तिच्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी दिली जाई. ती धुरी झाली की निखारे तसेच राखेखाली झाकून ठेवत, म्हणजे रात्रभर ऊब पुरे.

महापुराच्या त्या रात्री पाऊस असा काही लागला होता की दाराची फटही चिंध्या कोंबून बुजवली होती. मध्यरात्रीनंतर केव्हातरी मला जाग आली ती डोके फुटेल अशा दुखण्याने. मळमळत होते. वाटले, अशक्तपणा असेल. बाळाला घ्यावे म्हणून हात उचलू गेले तर हात उचलेना. हाक मारावी तर जीभ हलेना. आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे मला भीती वाटली नाही. फक्त झोप येत होती. पहाटे आई तेल घेऊन आली. तिने दार उघडले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि आधी बाळाला, मग मला ओढत पडवीत आणले. बाळ कापडासारखे लुळे पडले होते. भर पावसात, पागोळ्यांच्या शिंतोड्यांत, पडवीतल्या वाऱ्यावर ते रडले. ज्या वाऱ्यापासून आम्हाला जपले जात होते, त्याच वाऱ्याने आम्हाला वाचवले.

गावातले डॉक्टर सकाळी आले. त्यांनी शेगडीकडे नुसते बोट दाखवले. नंतर त्याविषयी घरात कुणी कधी बोलले नाही. शेगडी माळ्यावर गेली.

त्या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा अर्धवट जळतो, विशेषतः राखेखाली धुमसत राहतो, तेव्हा तो भरपूर निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि आतल्या आत गुदमरत असतो. धूर दिसला तर माणूस खोकतो, उठतो, दार उघडतो. नितळ निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. उत्तर हिंदुस्थानात आजही दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या येतात.

इथे मातीच्या घरांविषयीचा एक गोड गैरसमज दूर करायला हवा. मातीच्या भिंती श्वास घेतात, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या घेतात तो वाफेचा श्वास. दमट हवेतली वाफ त्या शोषतात आणि कोरड्या हवेत सोडतात. पण खोलीतला विषारी वायू त्या बाहेर नेऊन टाकत नाहीत. ते काम खिडकीचे, धुराड्याचे. आमच्या भिंतीही त्या रात्री श्वास घेतच होत्या.

तेव्हा भावाने 'धोका नाही ना, तेवढं बघ' म्हटले आणि माझ्या डोळ्यांपुढे प्रथम ती बाज आली. मी चौकशी करू लागले. अलिबागचे एक ओळखीचे इंजिनिअर, रेवदंड्याचे वायरमन, थोडी पुस्तके आणि खूप प्रश्न, असे दोन महिने गेले.

जमिनीखालून ऊब देणे ही काही नवी करामत नाही. आमचे चौल हे फार जुने बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख सेमुल्ला म्हणून आलेला आहे, असे मानतात. ज्या रोमन साम्राज्याशी आमच्या किनाऱ्याचा तेव्हा व्यापार चाले, त्या रोमनांच्या स्नानगृहांत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. बाहेर भट्टी पेटवायची, तिचा गरम धूर फरशीखालून फिरवायचा आणि भिंतीतल्या पोकळ नळ्यांमधून वर सोडून द्यायचा. कोरियातले ओन्दोलही तसेच: चूल स्वयंपाकघरात, खोलीच्या पातळीपेक्षा खाली, तिचा धूर शेजारच्या खोलीतल्या सपाट दगडांखालून जातो आणि पलीकडच्या धुराड्यातून निघतो. दगडांवर मातीचा लेप आणि त्यावर तेल पाजलेला कागद. म्हणजे जमीन मातीचीच म्हणायची! आपल्याकडे काश्मीरमध्ये जुन्या घरांत आणि मशिदींत हमाम असतात. दगडी लाद्यांखाली लाकडे जळतात आणि वर माणसे निवांत बसतात. एका हिवाळ्यात श्रीनगरला अशा लादीवर मी स्वतः बसले आहे. बाहेर बर्फ आणि खाली ती संथ ऊब. तिथून उठवत नाही.

मग आपल्याकडे तसे का करू नये? कोरियानेच त्याचे उत्तर दिलेले आहे. १९५० च्या दशकातल्या युद्धानंतर तिथे लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भोके पाडलेल्या वड्या जाळू लागले. त्या रात्रभर धुमसत. मातीचा लेप कुठे तडकला की त्या भेगेतून हाच अदृश्य वायू खोलीत येई आणि दर हिवाळ्यात कित्येक माणसे झोपेतच दगावत. शेवटी त्यांनी धूर फिरवणे सोडले आणि जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या टाकल्या. आता आपली सारवलेली जमीन पाहा. ती तापली की सुकते, सुकली की आकसते, आकसली की भेगाळते. म्हणून तर आठवड्याला सारवण लागते. अशा जमिनीखालून धूर खेळवायचा म्हणजे माळ्यावर टाकलेली शेगडी बाजेखाली कायमची पुरून ठेवण्यासारखे होते. ही पद्धत मी पहिल्याच दिवशी खोडली.

दुसरी पद्धत विजेची. जमिनीत तारांची जाळी घालायची. आईची खोली दहा बाय बारा फुटांची, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. चौरस मीटरला १०० ते १५० वॅट धरले तर दीड किलोवॅटच्या आसपास भार. रात्रभर चालवले तर दहा-बारा युनिटे. खर्च भाऊ करील, पण भरवसा कुणी द्यायचा? चांगल्या प्रतीची तार स्वतः नीट बंदिस्त असते. धोका असतो तो सांध्यांत. वायरमनचे म्हणणे स्पष्ट होते: अर्थिंग पक्के हवे, गळती होताच क्षणात वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे यंत्र हवे आणि जमीन आतून कोरडी हवी. मग ते आईच्या खोलीत आले, कोपऱ्यातले भोक त्यांनी पाहिले आणि विचारले, "घुशी आहेत?" घुशी आहेत. त्या दर पावसाळ्यात जोते पोखरतात. ओल्या मातीत तार, तारेवर घुशीचे दात आणि वर अनवाणी बसलेली आई. पुढे बोलण्याची गरजच उरली नाही. शिवाय जोराच्या पावसात, नेमकी ऊब हवी तेव्हाच, आमच्याकडची वीज जाते.

तिसरी पद्धत गरम पाण्याच्या नळ्यांची, आणि तत्त्वतः तीच सर्वांत निर्धोक. जाळ लांब राहतो, नळीत ३५ ते ४० अंशांचे पाणी फिरते आणि वरची जमीन २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, कारण त्याहून गरम जमीन तळव्यांना सोसत नाही. थंड देशांतल्या मातीच्या घरांतही ही पद्धत वापरतात. पण पाणी तापवायचे कशाने? सौरबंबाला मे महिन्यात ऊन असते, जुलैत नसते. गॅसचा बंब लावला तर तो खोलीबाहेर, मोकळ्या हवेत हवा. आणि नळी कधी झिरपली तर सिमेंटमध्ये डाग दिसतो. मातीत चिखल होतो, आणि तो जोत्यापर्यंत पोचल्यावरच कळते.

तरी मी जवळजवळ या तिसऱ्या पद्धतीवर आले होते. मला थांबवले ते त्या '२९ अंश' या आकड्याने. मनात आले, आज आईच्या खोलीची जमीन किती अंशांवर आहे? इतके दिवस मी जमीन गार, जमीन गार म्हणत होते. मोजली कधीच नव्हती. अलिबागहून तापमान आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र आणले आणि जुलैतल्या एका पहाटे जमिनीवर ठेवले. तापमान २६. आर्द्रता ९२ टक्के.

२६ अंश! भावाच्या टोरांटोत इतक्या तापमानाला माणसे सदऱ्याच्या बाह्या दुमडतात. जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे पारा १६-१७ पर्यंत उतरतो, तेव्हा आईची तक्रार नसते. घोंगडी पांघरली की तिचे भागते. म्हणजे आईला जुलैत जे बोचत होते ती थंडी नव्हतीच. ती ओल होती. ओली माती कोरड्या मातीच्या कितीतरी पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. ओलसर लुगडे, ओलसर सतरंजी, त्यातून सतत उडणारी वाफ; तीही अंगाचीच ऊब घेऊन जाते. आम्ही २६ ची जमीन २९ वर नेण्यासाठी खटपट करत होतो आणि खालून पाणी वर चढतच होते.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जुनी माणसे शेगडी ठेवत ती उगीच नव्हे. हवा दोन-तीन अंशांनी तापली की तीच वाफ त्या हवेला कमी भासते; २६ अंशांवरची ९२ टक्के आर्द्रता २९ अंशांवर ७७ च्या आसपास येते. शेगडीने खोली तापे त्याहून अधिक ती सुकल्यासारखी वाटे. त्यांना हवे होते ते बरोबर होते; ते मिळवण्याची वाट जीवघेणी होती.

तेव्हा ठरले: आधी ओल, मग ऊब. दिवाळी झाली, जमीन सुकू लागली आणि खोली उकरायला घेतली. जमीन करण्यात ज्यांचा हात धरणारे आमच्या भागात आता थोडेच उरलेत, अशा एक आगरी मावशी आल्या. हातभर उकरल्यावर त्यांनी भरीतली चिमूटभर वाळू उचलून चक्क जिभेवर ठेवली.

"ही वालू खारी हाय, ताय. कुनी टाकली? ही पानी वढतं. पाऊस आला का पिऊन बसतं."

वादळानंतरच्या दुरुस्तीत गवंड्याने जवळची म्हणून किनाऱ्यावरची वाळू भरीला घातली होती. मीठ हवेतलेच पाणी ओढते, हे बरणीतल्या मिठाकडे रोज पाहूनही आमच्या लक्षात आले नव्हते. ती सगळी वाळू बाहेर काढली.

मग काम सुरू झाले ते खोलीत नव्हे, खोलीबाहेर. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत होते. तिथे छप्पर फूटभर पुढे काढले. भिंतीपासून दोन हातांवर चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि उतार विहिरीच्या उलट दिशेला, वाडीच्या पाटाकडे दिला. जोत्यातली घुशींची भोके दगड-चुन्याने बुजवली. आत सहा-सात इंच जाडीचा जाड खडीचा थर घातला, तो धुऊन, बारीक चुरा काढून. ही खडी महत्त्वाची. माती पाणी वर ओढते ते केशाकर्षणाने, दिव्याची वात तेल ओढते तसे. कणांमधल्या फटी जितक्या बारीक तितके पाणी उंच चढते. खडीच्या मोठाल्या फटींतून ते चढू शकत नाही. वात तिथे तुटते. खडीवर मुरूम, त्यावर भाताचे तूस कालवलेली लाल माती. मावशी आणि त्यांची सून चार दिवस चोपण्याने ती चोपत होत्या. ती सुकताना तडे गेले, ते पुन्हा भरले, पुन्हा चोपले. शेवटी शेणाचे सारवण. सिमेंटचा कण नाही. माजघरातल्या लाद्याही भिंतीलगत वीतभर काढून टाकल्या आणि ती पट्टी मातीचीच ठेवली. भिंतीचा पाय आता सुकू लागला आहे.

आणि ऊब? तीही अखेर मिळाली, पण जमिनीखालून नव्हे. आईच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून न्हाणीघर आहे. तिथे आंघोळीच्या पाण्याची चूल रोज पेटते. वाडीतल्या झावळ्या, सोडणे, करवंट्या जाळायच्या तरी कुठे? वर छपरात धुराडे आहे आणि न्हाणीघराची एक बाजू तर उघडीच. जमीन उकरताना आईची बाज तात्पुरती त्या भिंतीला लावली होती. आठवड्यानंतर ती परत जागेवर न्यायला गेलो तर आई हलेना. "राहू दे इथंच. ही भिंत रात्रीपर्यंत कोमट असते," म्हणाली. हात लावून पाहिला. खरेच होते. हातभर जाडीची मातीची भिंत सकाळचा जाळ पिऊन बसते आणि दिवसभर तो हळूहळू सोडते. रोमन, कोरियन, काश्मिरी या सगळ्यांनी जे केले ते मुळात एवढेच: जाळ एका हवेत, माणूस दुसऱ्या हवेत आणि मध्ये जड, भेग नसलेले काहीतरी. आमच्या घरात ते आधीपासूनच उभे होते. मी त्या भिंतीला न्हाणीघराच्या बाजूने नवा गिलावा करून घेतला, भेगा भरल्या आणि दर दिवाळीला त्या तपासायच्या, असे ठरवून टाकले.

भावाला हे सगळे फोनवर सांगितले. तो थोडा हिरमुसला. "म्हणजे फ्लोअर हीटिंग नाहीच?"

"नाही. पण तुझ्या पैशांतून चर खणला."

तोही मग हसला.

गेल्या आषाढात ते यंत्र पुन्हा त्याच जागी ठेवले. तापमान २६, त्यात काडीचाही फरक नाही. आर्द्रता कधी ७८, कधी ८०. मुसळधार पडला की अजूनही वर चढते, कारण बाहेरची हवा ती हवाच. पण सतरंजीच्या खालच्या बाजूला हात लावला तर ती कोरडी लागते. आईचे गुडघे काही विशीतले झाले नाहीत. रात्री रबरी पिशवीत गरम पाणी भरून देते, तेवढ्याने भागते. ज्यांची मातीची घरे अजून उभी आहेत, त्यांना माझे सांगणे इतकेच: ऊब विकत घेण्यापूर्वी एकदा जमीन मोजा, तिच्याखाली काय भरले आहे ते पाहा आणि पागोळ्या कुठे पडतात ते भर पावसात उभे राहून बघा. आणि निखारे खोलीत घेऊन दार कधीही लावू नका. बाळंतिणीसाठी नाही, म्हाताऱ्या माणसासाठी नाही, एका रात्रीपुरतेही नाही.

त्याच आषाढात एका संध्याकाळी आई त्या जमिनीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात सुपारी आणि अडकित्ता. न्हाणीघरातली चूल विझत आली होती. मी तिच्या पाठीशी भिंतीला टेकले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग अडकित्ता थांबवून म्हणाली,

"त्या रात्री दार मीच लावलं होतं गं. फटीत चिंध्याही मीच कोंबल्या."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. शेगडी माळ्यावर गेली, पण ती तिच्या मनातून कधी उतरलीच नव्हती. माझी लेक पुण्याला असते. ती आजीला भेटायला आली की आई तिच्या कपाळाला हात लावून पाहते, ताप बघावा तशी. मला ते नुसते प्रेम वाटे.

"दार तूच उघडलंस ना, आई," मी म्हटले. "आणि तेव्हा हे ठाऊक कुणाला होतं?"

ती काही बोलली नाही. सुपारीची दोन खांडे तिने माझ्या हातावर ठेवली. पाऊस वाढला होता आणि खिडकीतून बारीक झड आत येऊ लागली होती. मी उठून खिडकी ओढून घेऊ लागले.

"लावू नकोस सगळी," आई म्हणाली. "चार बोटं उघडी ठेव."